यह्व, यहोवा आणि यावेई

मेलबर्न असो की सिडनी, मराठी घरांच्या व्हॉट्सॲप गटांवर अधूनमधून एक निरोप फिरून येतो: ऑस्ट्रेलिया हे मूळचे ‘अस्त्रालय’. महाभारतातली उरलेली अस्त्रे म्हणे इथे आणून ठेवली होती. खाली जोडलेले हात, दोनचार अंगठे, आणि मग पुढच्या गुढीपाडव्याच्या कार्यक्रमाची चौकशी. हा निरोप पाठवणाऱ्यांना लॅटिनमधला ‘ऑस्ट्रालिस’, म्हणजे दक्षिणेकडचा, हा शब्द माहीत नसतो असे नाही. त्यांची मुले इथल्या शाळेत शिकतात. मॅथ्यू फ्लिंडर्सने गलबतातून या खंडाला प्रदक्षिणा घातली आणि १८१४ साली छापलेल्या आपल्या प्रवासग्रंथात ‘ऑस्ट्रेलिया’ या नावाची शिफारस केली, हे त्या मुलांच्या पुस्तकात असते. तरीही अस्त्रालय कानाला गोड लागते.

पु. ना. ओकांनी मराठी वाचकांना या गोडीची सवय लावली. व्हॅटिकन म्हणजे वाटिका, ख्रिश्चॅनिटी म्हणजे कृष्णनीती. अशा जोड्यांचे खंडन करत बसणे म्हणजे वेळेचा अपव्यय. पण याच वाटेने लोकमान्य टिळकही चार पावले चालून गेले होते, आणि त्यांची बोळवण इतक्या स्वस्तात करता येत नाही. प्रश्न होता हिब्रू शास्त्रातल्या सर्वांत मोठ्या नावाचा. इस्रायलच्या देवाचे ते चार व्यंजनांचे नाव: योद, हे, वाव, हे. मराठी ख्रिस्ती लिखाणात ते ‘यहोवा’ म्हणून भेटते, अभ्यासक ‘याहवे’ लिहितात आणि ज्यू उच्चारतच नाहीत.

१९१७ साली रा. गो. भांडारकरांच्या गौरवार्थ निघालेल्या ग्रंथात टिळकांनी खाल्डियन आणि भारतीय वेदांवर एक इंग्रजी लेख लिहिला. मंडालेहून सुटून त्यांना तीन वर्षे झाली होती. लेखाचा गाजलेला भाग अथर्ववेदातल्या सर्पविषाच्या सूक्ताविषयी आहे. तिथले तैमात, आलिगी, विलिगी, उरुगूला हे अगम्य शब्द मेसोपोटेमियातून आलेले परके शब्द आहेत, असे त्यांनी मांडले. त्याच ओघात ते ‘जेहोवा’कडे वळले. हे नाव आणि खाल्डियन ‘याह्वे’ एकच, आणि ऋग्वेदातले यहु, यह्व, यह्वत् हे शब्द त्याच कुळातले, असा त्यांचा पक्ष. पुरावे पंडिताला शोभतील असे आहेत: निघंटू या वैदिक शब्दसंग्रहात यह्व म्हणजे महान, ऋग्वेदात सोमाला ९.७५.१ मध्ये, अग्नीला ३.१.१२ मध्ये आणि इंद्राला ८.१३.२४ मध्ये हे विशेषण लागले आहे.

टिळकांच्या बाजूने एक गोष्ट आधी कबूल केली पाहिजे. सगळे काही आपल्याकडूनच जगात गेले, हा ओकांचा एकेरी रस्ता त्यांचा नव्हता. वेदांत बाहेरचे शब्द शिरले आहेत असे लिहायला त्या काळी छाती लागत होती, आणि ती त्यांनी दाखवली. त्यांचा पूर्वपक्ष म्हणूनच उत्तराला पात्र आहे.

उत्तर त्यांच्याच लेखात दडलेले आहे. यहु या शब्दाशेजारी त्यांनी अवेस्तातले जुळे रूप नोंदवले आहे: यझु. संस्कृतात जिथे हस्त तिथे अवेस्तात झस्त; संस्कृत अहम्, अवेस्तात अझेम्. या दोन्ही भाषांच्या समाईक पूर्वजात या जागी साधा ‘ह’ नव्हता, घासत उच्चारायचे महाप्राण व्यंजन होते. संस्कृतात त्याचा पुढे ‘ह’ झाला, इराणीत ‘झ’. म्हणजे यह्वमधला ‘ह’ हा उशिराचा, घरगुती. इतक्या प्राचीन काळी हा शब्द बाबिलोनच्या वाटेला लागला असता, तर त्याच्या पोटात झकारासारखा काहीतरी आवाज घेऊन गेला असता. उलट हिब्रू नावातला ‘ह’ हा मुळातलाच, धातूचा अवयव. दोन्हींची आजची तोंडे सारखी दिसतात, पण कुळ विचारले की गोत्र जुळत नाही.

दुसरी अडचण व्याकरणाची. ऋग्वेदात यह्व हे कुणाचेही नाव नाही. ते विशेषण आहे, आणि विशेषणासारखे लिंगवचनाप्रमाणे बदलते. नद्या यह्वी आहेत, रात्र आणि उषा या दोघीही यह्वी आहेत. स्त्रीलिंगी रूपे टिळकांनी स्वतः नोंदवली आहेत. त्यांचा निष्कर्ष मात्र त्यांनी काढला नाही. अवेस्तातल्या जुळ्या शब्दाचा अर्थ ‘सर्वांत धाकटी’ असा लागतो. जरथुश्त्राच्या धाकट्या लेकीला तो लावला आहे. आजचे वेदाभ्यासकही ‘महान’पेक्षा ‘तरुण, नवा’ या अर्थाकडे झुकतात. नुकता पेटलेला अग्नी आणि नुकत्या फुटलेल्या जलधारा यांना तो चपखल बसतो. सीनाय पर्वतावरच्या देवाचे धाकटेपणाशी काय देणेघेणे?

कानावर विसंबले की काय होते हे पाहायला बाबिलोनपर्यंत जायचेही कारण नाही. अलिबाग पुरेसे आहे. रायगड जिल्ह्यातल्या बेने इस्रायल समाजात, ज्यांना गावकरी शनिवार तेली म्हणत, पुरुषांची नावे आबाजी, रामाजी, एलोजी, बुन्नाजी, हस्साजी, मुसाजी अशी असत. सरकारी दफ्तरात ‘रामाजी’ वाचणारा कारकून त्यात राम पाहणार, यात त्याचा काय दोष? पण हा रामाजी म्हणजे हिब्रू ‘रहमीम’, करुणा. आबाजी म्हणजे अब्राहाम, बुन्नाजी म्हणजे बेन्यामीन, हस्साजी म्हणजे यहेज्केल. या समाजाचा इतिहास हाईम सॅम्युएल किहीमकरांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लिहिला आणि तो १९३७ साली तेल अवीवला छापला गेला. त्यातली नावांची यादी वाचताना जाणवते की हीच कुटुंबे आपली ओळख सांगायला हयात नसती, तर हस्साजीचे मूळ आपण ‘हास्य’ या शब्दात शोधले असते आणि त्यावर एखादा प्रबंधही खपला असता. यादीतला एलोजी इथे महत्त्वाचा. तो म्हणजे एलियाहू, ‘माझा देव याहू’. चार अक्षरांचे ते नाव असे शेपटीच्या रूपाने कोकणच्या तेलघाण्यापर्यंत येऊन पोचले होते. गुळपोह्यांचा मलिदा करून आजही बेने इस्रायल ज्याचे स्मरण करतात तो हाच एलियाहू हन्नावी, म्हणजे संदेष्टा एलियाहू.

दुसरा पूर्वपक्ष अधिक सुसंस्कृत आहे, आणि प्रवचनांतून अधिक चालतो. निर्गम या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायात जळत्या झुडपापाशी मोशे देवाला नाव विचारतो. उत्तर येते, ‘एह्ये अशेर एह्ये’. ग्रीक भाषांतरकारांनी इसवीसनापूर्वीच त्याचा अर्थ ‘जो आहे तो मी’ असा लावला, आणि तिथून तत्त्वज्ञानाला मोकळे रान मिळाले. आपल्याकडे त्याची गाठ लगेच ‘सोऽहम्’शी किंवा ‘अहं ब्रह्मास्मि’शी घातली जाते. सर्व धर्म एकच सांगतात हे म्हणायला ही जोडी फार सोयीची.

सोयीची आहे, खरी नाही. ‘एह्ये’ हे हिब्रू क्रियापदाचे अपूर्णकाळी रूप. त्यात नुसते ‘आहे’ बसत नाही. ‘असेन’, ‘होईन’, ‘राहीन’ या छटा त्यात पुढे असतात. शिवाय दोनच ओळी आधी, बाराव्या ओवीत, हाच शब्द आला आहे. फारोसमोर जायला मी कोण, असे म्हणून मोशे कच खातो, तेव्हा देव त्याला सांगतो की तुझ्याबरोबर मी असेन. तिथला ‘असेन’ आणि नावातला ‘एह्ये’ एकच. प्रसंग वेठबिगारीचा आहे. विटा थापणाऱ्या लोकांच्या पुढाऱ्याला ब्रह्माचे स्वरूप समजून घ्यायचे नव्हते. परत जाऊन लोकांना सांगायचे काय, एवढे हवे होते. त्याला मिळाले ते वचन होते. उपनिषदातला साधक आपल्या आत वळून ‘मी ते आहे’ म्हणतो, इथे समोरचा ‘मी असेन’ म्हणतो. ‘मी’ कोण हे दोन्हीकडे वेगळे. दोन्ही वाक्ये आपापल्या जागी थोर असतील, पण एक म्हणून खपवली की दोन्हींचे नुकसान होते.

त्या क्रियापदापासून चार व्यंजनांचे नाव नेमके कसे बनले, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. कुणी ते ‘तो आहे’ असे वाचतात, कुणी प्रयोजक रूप धरून ‘तो घडवतो’ असे. वाऱ्याच्या वाहण्याशी नाते जोडणारेही आहेत. नाव मात्र जुने आणि पक्के. बायबलबाहेर ते मोआबचा राजा मेशा याच्या शिलालेखात कोरलेले आहे. इसवीसनपूर्व नवव्या शतकातला हा काळा दगड १८६८ साली जॉर्डनमधल्या धिबानला सापडला, आणि त्यात ते नाव शत्रूच्या देवाचे म्हणून येते. मेशा आपल्या देवापुढे फुशारकी मारतो आहे की याहवेची भांडी मी ओढून आणली. धर्मशास्त्राची चर्चा सुरू होण्याच्या कितीतरी आधी हे एका हरलेल्या गावाच्या देवाचे नाव होते, ही गोष्ट सोऽहम्-वाद्यांनी ध्यानात ठेवलेली बरी.

आखूड रूपात ते सगळीकडे पसरले. यिर्मयाहू, एलियाहू, हल्लेलुयामधला शेवटचा ‘याह’. योहानान, म्हणजे ‘याहने कृपा केली’, याचेच पुढे इंग्रजीत जॉन झाले. मत्तित्याहू, ‘याहचे दान’, याचे मॅथ्यू. ऑस्ट्रेलियाच्या शंभर डॉलरच्या नोटेवर ज्यांचे चित्र आहे ते जनरल जॉन मोनाश ज्यू आईबापांच्या पोटी मेलबर्नला जन्मले. मराठी विद्यार्थ्यांची रांग जिथे प्रवेशासाठी लागते ते विद्यापीठ त्यांच्याच नावाचे. त्यांच्या नावात तो ‘याह’ आहे, आणि ऑस्ट्रेलिया हे नाव रूढ करणाऱ्या फ्लिंडर्सच्या मॅथ्यूतही. अस्त्रालय शोधणाऱ्यांना नवल हवे असेल तर ते इथे आहे, पुराव्यासकट.

तिसरा वाद उच्चाराचा, आणि त्याच्या ओघात गोष्ट ऑस्ट्रेलियाच्या उच्च न्यायालयापर्यंत जाते.

हिब्रू लिपीत पूर्वी स्वरचिन्हे नव्हती. इसवीसनाच्या सातव्या ते दहाव्या शतकांत तिबेरियाच्या मासोरा पंडितांनी ती बसवली. या नावापाशी वाचणाऱ्याने ‘अदोनाय’, म्हणजे माझे प्रभू, असे म्हणायचे असा दंडक होता. तो आठवावा म्हणून चार व्यंजनांवर अदोनायचे स्वर टाकले गेले. परक्या वाचकांनी दोन्ही एकत्र वाचले आणि ‘येहोवा’ निघाले. तेराव्या शतकापासून लॅटिन हस्तलिखितांत हे रूप दिसते, १५३० मध्ये टिंडेलने ते इंग्रजीत आणले. मूळ उच्चार ‘याहवे’च्या जवळपासचा असावा, असे ग्रीक लेखकांच्या नोंदींवरून दिसते. अलेक्झांड्रियाच्या क्लेमेंटने ‘याउए’ लिहिले आहे, आणि पाचव्या शतकात थिओडोरेटने शोमरोनी लोक ‘याबे’ म्हणत असे नमूद केले.

यावरून दोन टोके निघाली. एक टोक म्हणते, येहोवा ही निव्वळ चूक, तेव्हा ते नावच पोकळ. हे म्हणणे टिकत नाही. जीजसही मूळ येशूआपासून तितकाच लांब आहे. जॉनला योहानान म्हणून हाक मारली तर मोनाशसुद्धा वळून पाहणार नाहीत. शतकानुशतके माणसांनी ज्या रूपाने प्रार्थना केली ते रूप व्याकरणाच्या एका फटक्याने रद्द होत नसते. दुसरे टोक यहोवाच्या साक्षीदारांचे. यशयाच्या त्रेचाळिसाव्या अध्यायावरून १९३१ साली अमेरिकेत कोलंबसला त्यांनी हे नाव घेतले. नेमका उच्चार कुणाला ठाऊक नाही हे ते स्वतः मान्य करतात, तेव्हा त्यांना उच्चारावरून टोमणे मारणे अन्यायाचे. त्यांच्यावरचा खरा आक्षेप निराळा. त्यांच्या भाषांतरात नव्या करारातही हे नाव २३७ वेळा घातलेले आहे, आणि नव्या कराराच्या हाती आलेल्या एकाही ग्रीक हस्तलिखितात ते नाही. तिथे ‘क्युरिओस’, प्रभू, आहे. जुन्या करारातली सुमारे ६,८०० स्थाने सोन्यासारखी असताना नव्यातली पितळेची कशाला?

पण मजकुरावरचा आक्षेप वेगळा आणि माणसांवरची बंदी वेगळी. जानेवारी १९४१ मध्ये, मेन्झिस पंतप्रधान असताना, ऑस्ट्रेलियन सरकारने यहोवाच्या साक्षीदारांची संघटना देशाच्या संरक्षणाला बाधक ठरवून बेकायदा जाहीर केली. युद्ध चालू होते; हे लोक सैन्यात जात नव्हते आणि सगळ्या राजसत्तांना सैतानाचे हस्तक म्हणत होते. त्यांच्याशी संबंधित रेडिओ केंद्रे बंद झाली, ॲडलेडचे त्यांचे सभागृह सरकारने ताब्यात घेतले. ॲडलेडच्या मंडळींनी दावा लावला. १४ जून १९४३ रोजी निकाल आला: राज्यघटनेच्या ११६व्या कलमाने दिलेल्या धर्मस्वातंत्र्याचा भंग झालेला नाही, पण बंदीची नियमावली संरक्षणविषयक अधिकाराच्या बाहेर जाते, म्हणून ती टिकत नाही. म्हणजे फिर्यादी जिंकले, पण ज्या मुद्द्यावर जिंकायचे होते त्यावर नव्हे.

निकालातले खरे मोल सरन्यायाधीश जॉन लेथम यांच्या विवेचनात आहे. लेथम स्वतः बुद्धिप्रामाण्यवादी, देवाधर्मापासून चार हात दूर. बहुसंख्यांचा धर्म आपली काळजी आपण घेऊ शकतो, घटनेचे कलम लागते ते अल्पसंख्यांच्या धर्मासाठी आणि धर्म न मानणाऱ्यांसाठी, अशा आशयाचे त्यांनी लिहिले. एकाचा धर्म दुसऱ्याला अंधश्रद्धा वाटतो, हेही. त्यांनी आपल्यापुढच्या फिर्यादींना त्याचा पुरता लाभ दिला नाही, ही गोष्ट निराळी.

लाभ भारतात मिळाला. १९५४ साली सर्वोच्च न्यायालयाने शिरूर मठाच्या खटल्यात (हे शिरूर उडुपीचे, पुण्याजवळचे नव्हे) धर्मस्वातंत्र्यात आचरणही येते हे ठरवताना ॲडलेडच्या निकालाचा आधार घेतला. आणि १९८६ मध्ये केरळातल्या तीन भावंडांचा खटला आला. यहोवाच्या साक्षीदारांच्या घरातली ही मुले शाळेत राष्ट्रगीताला आदराने उभी राहत, पण गात नसत. म्हणून जुलै १९८५ मध्ये त्यांना काढून टाकण्यात आले. न्यायमूर्ती ओ. चिन्नप्पा रेड्डी यांनी मुलांच्या बाजूने निकाल देताना पुन्हा लेथमकडे बोट दाखवले. राष्ट्रगीत न गाणे म्हणजे राष्ट्रगीताचा अपमान, असे म्हणणाऱ्यांना तेव्हाही हा निकाल झोंबला होता आणि आजही झोंबतो. गाणाऱ्यांइतकाच गप्प राहणाराही आदर बाळगू शकतो, हे त्यांच्या गळी उतरत नाही.

आणि गप्प राहणे हा तर या नावाच्या इतिहासाचा गाभा. इथे चौथा पूर्वपक्ष उभा राहतो, आपल्या सुधारकी परंपरेत वाढलेला: देवाचे नाव घ्यायला भिणे हा मागासलेपणा, ज्यूंनी नाव जपता जपता हरवले. मिश्ना या ज्यू नियमसंग्रहातल्या वर्णनाप्रमाणे यरुशलेमचे मंदिर असताना प्रायश्चित्ताच्या दिवशी प्रमुख याजक ते उच्चारी. इसवीसन ७० मध्ये मंदिर पडले, उच्चारही थांबला. सिडनीत एलिझाबेथ स्ट्रीटवर १८७८ साली उघडलेल्या ग्रेट सिनगॉगमध्ये आजही तोरा वाचणारा त्या चार व्यंजनांपाशी येतो आणि ‘अदोनाय’ म्हणतो. एरवीच्या बोलण्यात ‘हाशेम’, म्हणजे नुसते ‘ते नाव’. हिब्रू जवळपास विसरलेल्या कोकणातल्या तेल्यांनीही ‘शेमा’ ही प्रार्थना सांभाळली होती अशी बेने इस्रायलांची परंपरा सांगते. त्या प्रार्थनेतही नावाच्या जागी अदोनायच आहे.

हे हरवणे आहे का? ऑस्ट्रेलियात राहणाऱ्याने तरी हा प्रश्न घाईने सोडवू नये. इथल्या एबीसी वाहिनीवर माहितीपट सुरू होण्याआधी पाटी येते: मूलनिवासी आणि टोरेस सामुद्रधुनीच्या बेटांवरील प्रेक्षकांनी लक्षात घ्यावे, पुढे मृत व्यक्तींची नावे आणि प्रतिमा आहेत. खंडाच्या मध्यभागातल्या वार्लपिरी लोकांत माणूस गेला की त्याचे नाव महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षे उच्चारत नाहीत. त्याच नावाचा दुसरा कुणी हयात असेल तर त्याला तेवढ्या काळापुरते ‘कुमंजायी’ म्हणतात, म्हणजे बिननावाचा. सारखा ऐकू येणारा रोजचा शब्दही बाजूला ठेवून दुसरा काढतात. योथू यिंडी या बँडचा प्रमुख गायक २०१३ साली वारला तेव्हा कुटुंबाची इच्छा म्हणून देशभरच्या वर्तमानपत्रांनी त्याचे पहिले नाव छापले नाही. उलट २०१७ साली गायक गुरुमुल गेला, त्यानंतर काही काळाने त्याच्या कुटुंबाने नाव आणि चित्र वापरायला मोकळीक दिली. म्हणजे हा आंधळा धाक नव्हे. नाव कुणाचे, घ्यायचे कधी आणि सोडायचे कधी हे ठरवणारे लोक तिथे बसलेले आहेत, आणि त्यांना विचारावे लागते.

मराठी वाचकाला हे परके वाटण्याचे कारण नाही. नवऱ्याला ‘अहो’ म्हणणारी पिढी अजून हयात आहे, आणि उखाण्याची सगळी गंमत नाव अडवून धरण्यावरच उभी आहे. तिथली मुग्धता बायकोनेच पाळायची असे, नवरा खुशाल एकेरी हाका मारी. तेव्हा ती पुरती निर्मळ होती असे म्हणवत नाही. पण ‘अहो’ म्हणणाऱ्या आजीला आजोबांचे नाव ठाऊक नव्हते, असे कुणी म्हणेल का? न उच्चारलेले नाव हे विसरलेले नाव असतेच असे नाही. ज्यूंच्या बाबतीत तर ते हस्तलिखिताच्या पानापानावर लिहिलेले आहे. लिहिणारा ते खोडत नाही, खराब झालेले पान कचऱ्यात टाकत नाही, रीतसर पुरतो.

मग ज्यांना हे नाव नव्यानेच भेटले, त्यांनी काय करावे? ऑस्ट्रेलियाने या प्रश्नाची दोन उत्तरे दिली. पहिले लॅन्सलॉट थ्रेलकेल्डचे. हा मिशनरी १८२५ साली न्यूकॅसलजवळ मॅक्वारी सरोवराच्या परिसरात आला आणि बिराबान या अवाबाकाल पुढाऱ्याच्या मदतीने लूकच्या शुभवर्तमानाचे भाषांतर करू लागला. बिराबानने त्याला कोएन नावाच्या एका अमानवी शक्तीविषयी सांगितले होते. पण हे नाव बायबलच्या देवाला द्यायला थ्रेलकेल्ड तयार झाला नाही; त्याने परका ‘एलोई’ आणून त्या भाषेत बसवला. पुस्तक छापून निघायला १८९२ उजाडले. तोवर ते वाचायला त्या भाषेचे जवळजवळ कुणी उरले नव्हते: जमिनी गेल्या होत्या, माणसे साथींनी आणि गोळ्यांनी मेली होती. कोएन नाकारण्यात थ्रेलकेल्डने शब्दाची काटेकोर निगा राखली; शब्दाच्या धन्याला मात्र विचारले नाही.

दुसरे उत्तर क्रिओलचे. रोपर नदीच्या मिशन वसाहतीत गेल्या शतकाच्या सुरुवातीला निरनिराळ्या भाषांची, हाकलून लावलेली माणसे एकत्र आली आणि त्यांच्या मुलांच्या तोंडी इंग्रजीच्या मोडतोडीतून एक नवी भाषा तयार झाली. गोरे तिला कितीतरी काळ ‘मोडके इंग्रजी’ म्हणत. त्या भाषेत मे २००७ मध्ये कॅथरीनजवळ ‘होली बायबुल’ प्रकाशित झाले. ऑस्ट्रेलियातल्या कोणत्याही मूलनिवासी भाषेत संपूर्ण बायबल येण्याची ही पहिलीच वेळ, आणि त्यामागे तीन दशकांच्या आसपासचे काम होते. मूळ भाषकच भाषांतराला बसले होते. जुन्या करारातल्या चार व्यंजनांच्या जागी त्यांनी ‘यावेई’ घेतले. तेविसाव्या स्तोत्रातला मेंढपाळ तिथे ‘स्टाकमेन’ झाला आहे, म्हणजे उत्तरेकडच्या गोठारांवर घोड्यावरून गुरे वळणारा. हे काम त्या भाषकांच्या बापजाद्यांनी पिढ्यानुपिढ्या, बहुतेकदा पगाराशिवाय केले आहे. मराठी बायबलात त्या जागी परमेश्वर आहे. तो ओळखीचा, मोठा, आणि वारकऱ्यापासून सगळ्यांचा. पण मूळ पानावर एक विशिष्ट नाव लिहिले आहे याची त्यात चाहूल लागत नाही.

क्रिओल बायबलाला वर्ष होते न होते, तोच २९ जून २००८ च्या पत्राने व्हॅटिकनने जगभरच्या बिशपांना कळवले की उपासनेत आणि भजनांत ‘याहवे’ हा उच्चार करू नये. ज्यूंचा आणि आद्य ख्रिस्ती मंडळींचा परिपाठ पाळून ‘प्रभू’ म्हणावे. पंधरवड्यानंतर पोप सोळावे बेनेडिक्ट जागतिक युवा दिनासाठी सिडनीत उतरले. ऑस्ट्रेलियातल्या चर्चमध्ये वर्षानुवर्षे गायली जाणारी काही भजने त्यामुळे मागे पडली किंवा त्यांचे शब्द बदलले. वसईहून आणि गोव्याहून इथे आलेली कुटुंबेही त्याच बाकांवर बसतात.

काहींना यात विसंगती दिसली: एकीकडे यावेई छापायचे, दुसरीकडे याहवे गाळायचे. पण दोघांनीही प्रश्न एकच विचारला होता: हे नाव कुणाचे आहे, आणि आपण त्याच्याशी कोणत्या नात्याने बोलतो आहोत? रोपर नदीकाठच्या माणसांच्या स्वतःच्या देवदेवतांना नावे होती आणि ती मिशनच्या शाळेत बंद पाडली गेली होती. या नव्या देवाला निदान नाव तरी असावे, त्याला नुसते ‘बॉस’सारखे ‘लॉर्ड’ म्हणायचे नाही, असा निर्णय त्यांनी घेतला असेल तर तो समजण्यासारखा आहे. रोमला ज्या लोकांचे हे नाव, त्यांच्या कानांचा विचार करायचा होता, आणि विसाव्या शतकात त्या लोकांचे युरोपात काय झाले हे पाहता तो उशिराच सुचला म्हणायचा.